ही गाडी नव्हे

२२ जून १८१७

पाद्रीबाबा हल्ली माझी कबुली ऐकताना झोपतात. आज जाळीपलीकडून घोरणं ऐकू आलं, तेव्हा मी ठरवलं की मनात येईल ते घरी बसून लिहायचं. कागद निदान घोरत नाही.

सुरुवात रागापासूनच करते, तोच माल सध्या घरात भरपूर आहे. माझा नवरा बाल्टझार, गावातला सगळ्यांत चांगला गाडीसुतार, गेल्या नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवशी गेला. गाडीसुतारांच्या संघाचा नियम असा की, मास्टर मेला तर त्याच्या बायकोनं पुढच्या वर्षीच्या मार्टिनपर्यंत कारखाना चालवावा आणि तेवढ्यात संघातल्याच एखाद्या कारागिराशी लग्न लावावं. मग तो कारागीर मास्टर होतो आणि कारखाना राहतो. लग्न नाही केलं, तर दारावरची पाटी उतरते, हत्यारं संघ उचलतो आणि बाईनं कुठं जायचं ते बाईनं बघावं. हे सगळं आमच्याच भल्यासाठी आहे म्हणे. लग्न झाल्यापासून प्रत्येक चाकाचे आरे मी तासले, पण आरे तासणारीला काय म्हणायचं ते संघाच्या नियमांत नाही.

आज चर्चबाहेर संघाचे प्रमुख डेगेनहार्टभाऊजी उभेच होते. "वहिनी, मार्टिनचा सण जवळ आला हो."

"जूनमध्ये?"

"दिवस जायला काय लागतं? मला तुमचीच काळजी. आमचा फाइट आहे. गुणी पोरगा, संघाचा कारागीर. तुम्ही हो म्हणा, बाकी मी बघतो."

फाइट म्हणजे त्यांचा पुतण्या. मी त्याला लंगोटात पाहिलेलं आहे. तो तेव्हा चर्चच्या भिंतीला टेकून उभ्या उभ्या डुलक्या काढत होता. त्याचं लग्न पाद्रीबाबांशीच लावावं, दोघांचं छान जमेल.

"विचार करते," म्हटलं. केलाही. घर यायच्या आत संपला.

१ जुलै

दुसरा उमेदवार घरातच आहे, म्हणजे असायला हवा होता. किलियान, आमचा कारागीर, तिरोलच्या डोंगरातला. बाल्टझारच्या वेळेपासून इथंच आहे. हात चांगला, डोकं चांगलं, दारू बेताची. दुसरा कोणी असता तर एव्हाना फुलं घेऊन गुडघ्यावर बसला असता, कारण कारखाना फुकटात मिळतोय आणि बायको वर चिकटवून. हा सकाळी येतो आणि म्हणतो, "मालकीणबाई, कालच्या चाकाचा तुंबा तडकलाय." झालं त्याचं बोलणं.

शेजारची बेकरीण अपोलोनिया म्हणाली, "अगं, तो लाजत असेल. तूच विचार."

"मी का विचारू? मी काय बाजारात उरलेली कोबी आहे?"

"कोबीला निदान मार्टिनपर्यंत मुदत नसते," ती म्हणाली. मैत्रीण असावी तर अशी.

खरं सांगायचं तर मला अपमान वाटतो. फाइटला कारखाना हवाय, मी नको. किलियानला कारखान्यासकट मी नको. यातलं जास्त वाईट कोणतं, ते मला ठरवता येत नाही.

आणि कारखाना तरी कसला? गेल्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. ऑगस्टात शेकोट्या पेटवल्या, पिकं शेतात कुजली. घोड्यांची चंदी माणसांच्या पावाहून महाग झाली आणि घोडे एकामागून एक खाटकाकडे गेले. डॉक्टर आपेलांची तांबडी घोडीही गेली. तिचा रस्सा गावानं चाटूनपुसून खाल्ला, एक वाडगा डॉक्टरांच्या घरीही गेला, आणि त्यांनी चवीचं कौतुक केलं असं अपोलोनिया सांगते. आता घोडे नाहीत तर गाड्या कोण घेणार?

९ जुलै

डॉक्टर आपेल मॅनहाइमहून परत आले ते थेट माझ्या दारात. घोडी गेल्यापासून डोंगरातल्या वाड्यांवर रोगी बघायला ते पायी जातात, त्यामुळे पोचेपर्यंत रोगी एकतर बरा होतो किंवा त्याची पाद्रीबाबांना गरज लागते. मॅनहाइमला त्यांनी म्हणे एक अजब चीज पाहिली. माझ्या टेबलावर सांडलेल्या बिअरमध्ये बोट बुडवून त्यांनी चित्र काढलं. दोन चाकं, एकापुढे एक. मध्ये दांडा, दांड्यावर बैठक. माणसानं दोन्हीकडे पाय सोडून बसायचं आणि पायानं जमीन मागे ढकलत पळायचं.

"म्हणजे बसायचं पण आणि पळायचं पण?" मी विचारलं. "दोन्ही त्रास एकाच वेळी?"

"वाल्बुर्गाबाई, तो माणूस टपालगाडीच्या पुढे निघाला. मी डोळ्यांनी पाहिलं."

"आणि उभा कसा राहतो तो? दोन चाकांवर?"

"थांबला की पडतो," डॉक्टर म्हणाले, "पण तो थांबतच नाही."

शिकलेल्या माणसांचं असंच. मी नको म्हणणार होते. किलियान मात्र ते बिअरचं चित्र सुकेपर्यंत बघत राहिला आणि म्हणाला, "पुढचं चाक वळायला हवं. ते वळलं तर पडणार नाही."

या वर्षात तो एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलला. मी हो म्हणून टाकलं. नाहीतरी बसून माश्याच मारतेय.

२४ जुलै

यंत्र होत आलं, पुढचं चाक वळवायची दांडीही बसली. चाकं इतकी हलकी की आरे तासताना मला वाटलं, लहान पोरीच्या बाहुलीचा संसार मांडतेय. लोहारानं चाकांवर लोखंडी धाव चढवताना विचारलं, "हे काय, बकऱ्यांची गाडी?" मी म्हटलं, डॉक्टरांची. तो म्हणाला, तेच ते.

किलियानशी भांडण झालं. बैठक त्यानं खाली बसवली. डॉक्टर आपेल ताडमाड उंच माणूस, त्यांचे गुडघे कानाला लागतील.

"माप कोणाचं घेतलंस?"

"चुकलं असेल," तो म्हणाला आणि मान खाली घालून रंधा मारत बसला.

याच्या हातून माप चुकलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि चुकायला मुहूर्त सापडला तो हा. सुकवलेलं ॲश झाडाचं उत्तम लाकूड वाया गेलं. मी त्याला दिवसभर बोलले. तो ऐकत होता, आणि मला शंका आहे की मिशीत हसत होता.

३ ऑगस्ट

डॉक्टरांसाठी उंच बैठकीचं दुसरं यंत्र केलं. आज चर्च सुटल्यावर चौकात अख्ख्या गावासमोर परीक्षा. डॉक्टर बसले, ढकललं, दोनदा पडले आणि तिसऱ्यांदा सुटले ते थेट पुलापर्यंत. कोटाची शेपटं मागे उडत होती. पोरं ओरडली, कुत्री मागे लागली. पाद्रीबाबा जागे झाले, हा एवढा एक चमत्कार मी शपथेवर सांगू शकते.

डेगेनहार्टभाऊजींना ते बघवलं नाही. "यात काय आहे? गाडीसुताराच्या मुलाला चाक काय शिकवता?" असं म्हणून स्वतः बसले. चौकाचा उतार कुठं जातो ते जन्मभर इथं राहूनही त्यांच्या लक्षात आलं नसावं. तो चामडं कमावणाऱ्याच्या खड्ड्याकडे जातो. किलियान ओरडून सांगत होता, "दांडी वळवा, दांडी!" भाऊजींनी दांडी सोडली आणि टोपी धरली. टोपी वाचली.

त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या अंगाला जो वास येत होता, त्याबद्दल लिहिणं पाप ठरेल. मी हसले नाही. मी अपोलोनियाच्या पाठीमागे तोंड लपवून रडले, तेही हसू आवरेना म्हणून.

१७ ऑगस्ट

कबुली आहे, ही पाद्रीबाबांना सांगायची नाही.

ते खालच्या बैठकीचं फुकट गेलेलं यंत्र अंगणात पडून होतं. आज पहाटे गाव झोपेत असताना मी ते नदीकाठच्या वाटेवर नेलं, परकर गुडघ्यावर बांधला आणि बसले. पाय अगदी बरोबर जमिनीला टेकत होते. योगायोग म्हणायचा. आधी धडपडले, मग पळाले, आणि मग गिरणीकडच्या उतारावर पाय टेकवायलाच विसरले. यंत्र आपणहून चाललं होतं. वारा कानात शिरला. बाल्टझार गेल्यापासून मी पहिल्यांदा काहीही विचार करत नव्हते. मला फार बरं वाटलं, आणि लगेच मग रडू आलं.

वळणावर किलियान उभा. तिथं काय करत होता देव जाणे, म्हणे मासे धरायला आलो होतो. गळ दिसला नाही.

"उतारावर पाय वर घेतलेत तुम्ही," तो म्हणाला.

"कोणाला सांगितलंस तर याद राख."

"नाही सांगत. पण पाय टेकवले नाहीत तरी पडला नाहीत. म्हणजे कधीतरी सपाटीवरही पाय न टेकवता चालवता येईल."

"मग पाय ठेवायचे कुठं? खिशात?"

तो विचारात पडला. कामाचा माणूस आहे, पण कधीकधी अगदीच खुळ्यासारखं बोलतो.

१२ सप्टेंबर

डॉक्टर आता सकाळी डोंगरात जाऊन जेवायला घरी येतात. त्यांना बघून टपालवाल्यानं यंत्र करायला सांगितलं, मग जंगलखात्याच्या साहेबानं, मग पलीकडच्या गावच्या दोन शाळामास्तरांनी. अपोलोनियाचा नवरा पाव पोचवायला एक हवं म्हणतो, मागे टोपली बांधून. लाकूड कमी पडतंय.

आनंद मानावा तर आज संघाचा निरोप आला. सेंट मायकेलच्या सणाला तिमाही बैठक आहे, हजर राहा, जाब द्या. मार्टिन त्याच्यामागे उभाच आहे. मी कामाच्या भरात ते विसरले होते, भाऊजी विसरले नव्हते. जाता जाता निरोप्यानं विचारलं, "फाइटचं काय ठरलं?" म्हटलं, झोपेतून उठला की कळव.

किलियान अजून काही विचारत नाही. काल मी मुद्दाम म्हटलं, "मार्टिननंतर तू कुठं जाशील कोण जाणे." तो म्हणाला, "बघू," आणि धाव तपासायला गेला.

२९ सप्टेंबर

राग थंड व्हायच्या आत लिहून टाकते.

'सोनेरी बोकड' खानावळीच्या वरच्या खोलीत बैठक. मास्टर बसतात, विधवेनं दाराशी उभं राहायचं. टेबलावर संघाची जुनी पेटी, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. प्रमुखानं झाकण उघडलं की टोप्या उतरतात, पेले खाली जातात. झाकण उघडं असेपर्यंत हातोडा हातात घेऊन प्रमुख जे बोलेल तो कायदा, मग तो शहाणा असो की नसो. भाऊजींच्या आजोबांनी, ते प्रमुख असताना, एकदा उघड्या पेटीसमोर रागात म्हटलं होतं, की तांबड्या दाढीचा माणूस मास्टर व्हायचा नाही. तेव्हापासून आमचे तांबडे कारागीर दाढी घोटून मास्टर होतात. आजोबांना मागाहून पश्चात्ताप झाला होता म्हणतात, पण उपयोग काय?

भाऊजींनी आरोप वाचला. बाईनं संघाला न विचारता गाड्या केल्या. दोन मास्टरांची तपासणी नाही, संघाचा शिक्का नाही.

मी म्हटलं, "मग तपासा की. डॉक्टरांचं यंत्र खालीच उभं आहे. शिक्का आणा, मारा. भाऊजींनी तर स्वतः बसून, अगदी खोलवर तपासलंय."

कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं. भाऊजी मानेपासून तांबडे होत गेले.

"त्याला शिक्का? माझ्या संघाचा? ही गाडी नव्हे! ना घोडा, ना जोत, ना सामानाला जागा. दोन चाकं एकामागे एक लावली की गाडी होते काय? काठी आहे ती, येड्यांची काठी. तिच्याशी या संघाचा काही संबंध नाही, आज नाही आणि कधीच नाही. न्हाव्यानं करावी, शिंप्यानं करावी, बायकांनी चुलीपाशी बसून करावी!" आणि हातोडा आपटला. मेणबत्ती पडली.

म्हातारे गुम्बर्टमास्टर दोन्ही हातांत तोंड लपवून बसले. माझ्यासाठी त्यांनाच एकट्याला लाज वाटली, देव त्यांचं भलं करो. मी तशीच जिना उतरले. आयुष्यात केलेल्या सगळ्यांत चांगल्या कामाला भर सभेत काठी म्हणाले. मेले.

१ ऑक्टोबर

किलियानला सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "ते म्हणाले तेव्हा पेटी उघडी होती?"

"उघडी होती, मेणबत्त्या होत्या, हातोडा होता. माझा अपमान अगदी साग्रसंगीत झाला. अजून काय ऐकायचंय?"

"काही नाही," म्हणाला आणि शीळ घालत कामाला लागला. दिवसभर शीळ. माझं घर बुडतंय आणि याला गाणी सुचतायत.

६ ऑक्टोबर

आज भाऊजी आले. हातात सॉसेजचं भलंमोठं कडं, आवाजात लोणी.

"वहिनी, त्या दिवशी मी जरा तापलो. मनात ठेवू नका. असं करा, तुम्हीच अर्ज करा की ही गाडीच आहे. बाईमाणसानं विनंती केली म्हणून संघ मोठ्या मनानं मान्य करेल. पलीकडच्या गावचे मास्टरही विचारतायत, त्यांना ही यंत्रं करायची आहेत."

मी सॉसेज कापायला घेतलं होतं. सुरी तशीच थांबली. ज्या माणसानं मला कधी वाळका पाव दिला नाही, तो सॉसेज का आणतोय? काठीला गाडी म्हणायची एवढी घाई का? आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सात दिवस उशिरा, पण पडला. पाटी गाड्यांची. मार्टिनला उतरायची ती गाड्यांची पाटी. लग्नाची अट गाड्या करणाऱ्यांना. आणि ही, भाऊजींच्याच तोंडून, उघड्या पेटीसमोर, गाडी नव्हे.

"मी कशी म्हणू भाऊजी, ही गाडी आहे?" मी म्हटलं. "तुम्ही नाही म्हणालात. तुमच्या शब्दाबाहेर मी आहे का?"

ते सॉसेजकडे बघत राहिले. ते मी परत दिलं नाही. चांगलं होतं.

किलियानला सांगितलं तर म्हणतो, "हो, मला वाटलंच." मग बोलला का नाही, असं विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही चिडला होतात. तेव्हा तुम्हाला काही सांगायचं नसतं." हे त्याला कोणी शिकवलं कोण जाणे.

२ नोव्हेंबर

बाल्टझारच्या थडग्यावर दिवा लावून आले. सगळं सांगितलं त्याला. तो असता तर पोट धरून हसला असता.

परत येताना एक गोष्ट लक्षात आली. संघाचा कारागीर संघाबाहेरच्या कारखान्यात काम करू लागला, तर त्याचं नाव कापतात. मग कुठल्याही गावात, कुठलाही मास्टर त्याला दाराशी उभा करत नाही. मार्टिननंतर माझा कारखाना संघाबाहेरचा. म्हणजे किलियानला जावंच लागणार.

मी घरी आल्या आल्या त्याला म्हटलं, "आत्तापासून मास्टर शोध. माझ्यापायी तुझी भाकरी जायला नको."

तो म्हणाला, "बघू."

हा शब्द त्याच्या तोंडात कोणी घातला त्याला मी शोधतेय. मला वाईट वाटतंय. खूप वाटतंय. लिहून टाकलं, आता झोपते.

११ नोव्हेंबर, सेंट मार्टिन

सकाळी संघाचे लोक आले. पाटी उतरवली. मला वाटलं होतं रडेन, पण फाइट शिडीवर चढला आणि अर्ध्यावर जांभई देत थांबला, तेव्हा रडायचं राहूनच गेलं.

मग हत्यारांवर आले. मोठ्या चाकांचा साचा दिला, धाव वाकवायचं मोठं यंत्र दिलं. ते गाड्यांचं, नियम म्हणजे नियम.

"हा रंधा?" भाऊजींनी विचारलं.

"काठीचा."

"आणि ही करवत?"

"काठीची."

"पटाश्या?"

"भाऊजी, चुलीपाशी बसून करायची म्हटलं तरी पटाशी लागतेच."

ते गेले. दुपारी सणाचा हंस भाजला, अपोलोनिया आणि तिचा नवरा जेवायला होते. किलियान सकाळीच आपली चालायची काठी आणि गाठोडं घेऊन कुठंसा निघून गेला होता. निरोपही घेतला नाही. त्याचा वाटा मी ताटलीत झाकून ठेवला. का ठेवला, ते मला विचारू नये.

१२ नोव्हेंबर

सकाळी मी चुलीवरून हंसाच्या चरबीचं भांडं उतरवत होते. दार उघडलं, किलियान. गाठोडं आहे, काठी नाही. कारागिराची काठी, संघाची खूण, जी घेऊन तो तिरोलहून चालत आला होता.

"काठी कुठंय?"

"डेगेनहार्टमास्टरांकडे देऊन आलो. नाव कापून घेतलं. त्यांना वहीत ते सापडेपर्यंत रात्र झाली, मग तिथंच थांबलो."

"वेडा झालास? आता तुला कोणीही काम देणार नाही."

"तुम्ही द्याल." मग त्यानं टोपी काढली आणि हातात गोल गोल फिरवत बसला. "मालकीणबाई, आता तुमच्या दारावर पाटी नाही. माझ्याकडे संघ नाही. आता लग्नाचं विचारलं तर चालेल का?"

मी भांडं खाली ठेवलं. मग तोंडातून निघालं ते हेच, "अरे गाढवा, वर्षभरात कधीही विचारलं असतंस तर मास्टर झाला असतास."

"म्हणूनच नाही विचारलं," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, जा, कालचं जेवण झाकून ठेवलंय, ते जेव. तो जेवत होता तेव्हा मी अंगणात गेले. जुलैपासून ज्या यंत्रावरून त्याला बोलतेय, माप चुकलं, लाकूड वाया घालवलं, ते तिथं भिंतीला टेकून होतं. त्यावर बसून पाहिलं. दोन्ही पाय अगदी बरोबर टेकले. माप कोणाचं घेतलंस, असं मी विचारलं होतं. त्यानं तेव्हाच खरं सांगितलं असतं, तर मी त्याला त्याच रंध्यानं मारलं असतं.

अजून उत्तर दिलेलं नाही. उद्या हो म्हणेन. मला वर्षभर ताटकळत ठेवलं, एक रात्र त्यानंही काढावी.